भेंड्यांच्या भिंतीतली चोरटी: कोकीळमाशी शोधायची कशी, ओळखायची कशी

माझं शिलाई मशीन परड्याच्या दारात असतं, कारण घरात धड उजेड तेवढ्याच जागी येतो. समोर चार हातांवर भिंत. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांना असते तशी, पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या, नुसत्या वाळवलेल्या मोठ्या विटांची. वरचा शेणामातीचा गिलावा सासऱ्यांच्या काळातच निम्मा गळून पडला आणि उघड्या पडलेल्या मातीत शिसपेन्सिल आत जाईल एवढी भोकं झाली आहेत. गेल्या गणपतीनंतर मोजली तेव्हा एकेचाळीस भरली. हातशिलाई करत असले की माझं लक्ष कापडावर कमी आणि भिंतीवर जास्त असतं. त्यापायी दोनदा हुक उलटे लागलेत आणि गिऱ्हाइकांची बोलणीही खाऊन झालीत.

या भिंतीवर एक चोरटी येते. काळीभोर, अंगावर निळे ठिपके, अर्ध्या इंचाच्या आतबाहेर. आहे मधमाश्यांच्याच कुळातली, पण स्वतः घर बांधत नाही, पिल्लांसाठी पराग गोळा करत नाही. दुसरीनं बांधलेल्या, भरलेल्या, झाकण लावलेल्या खोलीत आपलं अंडं घालून निघून जाते. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात करते तोच उद्योग, म्हणून आमच्या घरात तिचं नाव कोकीळमाशी. शास्त्रातलं नाव थायरियस. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका हमखास विचारतात, "अहो, त्या भिंतीकडं काय बघताय?" दर वेळी तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

बाकीचं विसरलात तरी चालेल, पण एक लक्षात ठेवा. चोर शोधत फिरू नका. जिच्या घरी चोरी होते तिचं घर शोधा आणि तिथं बूड टेकून बसा. मी पहिल्या वर्षी फुलाफुलांवर हिला शोधत फिरले. रंकाळ्याच्या काठावर, टाउन हॉलच्या बागेत, सगळीकडं. दोन महिन्यांत तीनदा दिसली, तिन्ही वेळा फोटो काढायच्या आत पसार. भिंतीसमोर बसायला लागल्यावर एका सकाळीच तिचे चार फेरे मोजले.

आधी घरमालकीण

घरमालकीण म्हणजे निळ्या पट्ट्यांची माशी, अमेजिला. तिची ओळख पक्की झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी गेले आणि अख्खा हंगाम वाया घालवला, ते पुढं सांगतेच.

ही सातेरीसारखी, म्हणजे पेटीत पाळतात त्या मधमाशीसारखी, पोळं करत नाही. राणी नाही, कामकरी नाहीत, मध साठवणं नाही. प्रत्येक मादी आपली आपण मातीत बीळ कोरते. एकाच भिंतीवर चाळीस भोकं दिसली तरी ते एक मोहोळ नसतं, चाळीत चाळीस बिऱ्हाडं असतात तसा प्रकार. त्यामुळे आग्या मोहोळासारखा जमावानं हल्ला होत नाही. मी सहा वर्षं चार हातांवर बसते आहे, अजून एकही डंख नाही. चिमटीत धरलीत तर मात्र चावेल, आणि ते बरोबरच आहे.

ओळखायची पहिली खूण कानाला. मोटार लावलेल्या मशीनवर पाय अर्धवट ठेवला की जसा चढा, चिरका आवाज येतो तसा आवाज करत ती येते. फुलासमोर हवेतच थांबते, लांब जीभ आधीच बाहेर काढलेली असते, झटकन पुढं जाते, झटकन मागं येते. छाती तपकिरी केसाळ, डोळे मोठे, हिरवट, आणि पोटावर आडवे निळे-हिरवे चमकते पट्टे. पट्टे, म्हणजे ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग, साडीच्या काठासारखे. हा "सलग" शब्द ध्यानात ठेवा.

परड्यात तुळस, सब्जा असला तर तिथं बघा. वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलाला ती कशी लोंबकळते तेही एकदा बघाच. या फुलांचा पराग बंद नळीत असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो. अमेजिला फूल घट्ट धरून आपले उडायचे स्नायू थरथरवते आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग खाली पडतो. सातेरीला हे जमत नाही. आमच्या कुंडीतल्या टोमॅटोची फळं हिच्या जिवावर आहेत, असं मी सासूबाईंना सांगितल्यापासून त्या भिंतीकडं जरा आदरानं बघतात.

घर कुठं शोधाल? उभी, उघडी, वरून पावसापासून झाकलेली माती. जुन्या पेठांतल्या पडझड झालेल्या वाड्यांच्या भिंती, वळचणीखालच्या. शेताच्या बांधाची उभी कड. पन्हाळ्याकडं जाताना रस्त्याकडेच्या मातीच्या दरडी. सिमेंटवर वेळ घालवू नका. सिमेंटच्या भिंतीवर मातीचे गोळे चिकटलेले दिसले तर ते कुंभारमाशीचं काम, ती गांधीलमाशीच्या जातकुळीतली, तिची गोष्टच वेगळी.

भोक चालू आहे का बंद पडलंय, हे कळायला माझी एक शिंपिणीची युक्ती आहे. पांढऱ्या धाग्याचा पाव इंचाचा तुकडा भोकाच्या तोंडावर आडवा टेकवायचा. चिकटवायचा नाही, नुसता टेकवायचा. दुपारपर्यंत पडला तर ये-जा आहे. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर ते बिऱ्हाड सुटलंय. भोकाखाली ताजा भुसा पडल्यासारखी बारीक माती दिसली तर खोदकाम चालू आहे, आणि तिथंच बसायचं.

बसायचं कधी, कसं

ऊन भिंतीवर आलं की. माझ्या भिंतीवर साडेआठला येतं, नऊ ते अकरा ही खरी वेळ. पावसाची झड असेल तर कुणीच येत नाही, चहा प्या. माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंतच्या आहेत.

स्टूल भिंतीच्या एका बाजूला टाका, समोर नको. समोर बसलात की तुमची सावली भोकांवर पडते आणि बाहेरून आलेली माशी घोटाळते. हातात वही, मोबाइल, आणि असेल तर छोटं भिंग. मोबाइलवर साधा फोटो काढण्यापेक्षा हळू गतीचा व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातलं चित्र थांबवून बघा. मला सगळे चांगले फोटो असेच मिळालेत. अत्तर, उदबत्ती, मच्छरांची कॉइल यातलं काही नको.

अमेजिला आवाज करत सरळ आपल्या भोकात शिरते, बाजारातून पिशवी घेऊन आलेली बाई दार ढकलते तशी. पुढच्या दहा मिनिटांत एखादी माशी आवाज न करता, भिंतीपासून चार बोटांवर, नागमोडी, वरखाली तरंगत आली, एका भोकाशी थबकली, पुन्हा दुसऱ्याशी थबकली, की पेन खाली ठेवा आणि नीट बघा. दुकानात शिरून काही न घेता नुसते भाव विचारत फिरणाऱ्या माणसासारखी तिची चाल असते. मी आता ती चालीवरूनच ओळखते, रंग नंतर.

खुणा

पहिली खूण ठिपक्यांची. अमेजिलाच्या पोटावर सलग पट्टे, हिच्या पोटावर तुटक ठिपके. प्रत्येक घडीवर डावीकडं एक, उजवीकडं एक, मधली जागा काळी. डोक्यावर, छातीवर, पायांवरही तसलेच निळे किंवा पांढुरके डाग. हा निळा रंग कवचाचा नाही, आखूड, दाट, अंगासरशी बसलेल्या केसांचा आहे. काळ्या सॅटिनवर निळी टिकली लावावी तसा. म्हणूनच म्हाताऱ्या माशीचे ठिपके झिजून पुसट होतात, जुन्या ब्लाउजच्या टिकल्या गळतात तसे. ठिपके मोजून जात ठरवायला गेलात तर इथंच फसाल.

दुसरी खूण पायांची. पराग गोळा करणाऱ्या अमेजिलाच्या मागच्या पायांवर दाट केसांचा ब्रश असतो, भरून आली की पाय पिवळे दिसतात. कोकीळमाशीच्या पायांवर तो ब्रशच नाही. गोळा करायचंच नाही तर पिशवी कशाला बाळगायची? फुलावर ती जाते, पण स्वतःच्या पोटापुरता मकरंद प्यायला. एकदांडीवर, घाणेरीवर, तुळशीवर.

पण नुसत्या या खुणेवर जाऊ नका, कारण मी गेले होते. पहिल्या वर्षीच्या माझ्या वहीत पानंच्या पानं लिहिलंय: "निळ्या ठिपक्यांचा नर आला, बिळात गेला, बाहेर आला." मला वाटलं, मोर-लांडोरासारखं नर-मादीचं रूप वेगळं असणार. पायाला पराग नाही, म्हणजे नर. झालं. दिवाळीला भाची आली, ती प्राणिशास्त्र शिकते, तिनं वही वाचली आणि हसत सुटली. म्हणाली, "मावशी, नर बिळात कशाला शिरंल? त्याला घरात कोण घेतंय? अमेजिलाचे नर रात्री बाहेर काड्यांवर झोपतात." खरंच की. अमेजिलाच्या नरालाही पट्टेच असतात, चेहऱ्यावर मात्र पिवळट-पांढरा भाग मादीपेक्षा जास्त. ठिपकेवाली ही नर नव्हती आणि त्या जातीचीही नव्हती. तेव्हापासून वहीत मी आधी दिसलं ते लिहिते, कोण आहे ते समासात, पेन्सिलीनं.

तिसरी खूण माझी सगळ्यात आवडती. छातीच्या मागच्या टोकाला, पोटाच्या अगदी वर, एक चपटी ढाल मागं आलेली असते. तिची मागची कड सरळ नाही, मधोमध खाच आणि दोन्ही कोपऱ्यांना टोकं. ब्लाउजच्या पाठीचा गळा कापताना मधे कात्री मारून दोन कोपरे सोडले तर जसं दिसेल तसं. ही ढाल वरून काढलेल्या फोटोत स्वच्छ दिसते. थायरियस हे नावच तिच्यावरून पडलं, ग्रीकमध्ये दाराच्या आकाराच्या मोठ्या ढालीला जो शब्द होता त्यावरून. दुसऱ्याचं दार उघडणारीच्या पाठीवर दाराएवढी ढाल, हे भाचीनं सांगितल्यावर मी शिवण बाजूला ठेवून हसले होते. नुसती ढालच नाही, हिचं सगळं कवचच जाड असतं. पकडली गेली तर घरमालकिणीचा चावा आणि नांगी सोसायची असते ना.

आता फसवणारे. हिरवी-निळी, धातूसारखी चमकणारी, टणक माशी भोकाशी घुटमळताना दिसली तर ती कोकीळमाशी नाही. ती सोनगांधील म्हणा हवं तर. दुसऱ्याच्या घरात अंडं घालणारीच, पण गांधीलमाश्यांच्या बाजूची. हिची चमक केसांची नसून कवचाची असते, त्यामुळे भिंगाखाली फरक लगेच कळतो. पोट मागं पेन्सिलीसारखं टोकदार आणि काळ्यावर पांढऱ्या रेघा असतील तर सिलिऑक्सिस. तीही कोकीळमाशीच, पण ती गुलाबाची पानं गोल कापून नेणाऱ्या मेगाकायलीच्या घरात घुसते. छोटी, लाल पोटाची, मुंगीला पंख फुटल्यासारखी दिसली तर स्फेकोडीस असू शकते, तीही याच धंद्यातली. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच अशा दुसरीच्या घरावर जगतात. भाची म्हणते तसं, कष्ट वाचवायची ही वाट निसर्गात अनेकांनी शोधलीय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर अकरा ब्लाउज पडले होते. साडेनऊच्या सुमारास मधल्या भेंड्यातल्या भोकातून अमेजिला बाहेर पडली. तोंड पुसावं तसे पुढचे पाय डोक्यावरून फिरवले आणि आवाज करत कौलांवरून गेली. तिची मी वाटच बघत होते, कारण आदल्या दिवशी त्याच भोकाखाली ताजी माती पडलेली होती.

कोकीळमाशी वीतभर अंतरावर खालच्या भेंड्यावर बसून होती. किती वेळची, देव जाणे. ती काळी, भेंडा मळकट, सावलीत होती म्हणून मला दिसलीच नव्हती. उडाली, भोकाच्या तोंडाशी उतरली, मिशा आत घातल्या, डावी, उजवी, पुन्हा डावी. मग आत शिरली आणि लगेच उलटी बाहेर. शेजारच्या भोकात गेली, तिथूनही बाहेर. पुन्हा पहिल्या भोकात. या वेळी बाहेर येईना. मी बाहीची एक शिलाई टाकली, मग दुसरी. भोकातून मातीचे दोन-तीन बारीक कण बाहेर घरंगळले, तेवढंच. तिसऱ्या शिलाईला ती बाहेर आली, चेहऱ्याला माती, आणि काहीच घडलं नाही अशी भिंतीच्या कडेनं निघून गेली.

पाच मिनिटांनी घरमालकीण आली. पाय पिवळे. भोकाशी जरा घुटमळली, आत गेली. तिला काही कळलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी सासूबाईंना हाक मारून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्यात न्हाई का, भावकीतलीच येऊन हात मारून जात्यात."

आत काय झालं ते मला दिसणं शक्य नव्हतं आणि तुम्हीही भिंत खोदून बघू नका. ज्यांनी बिळं उकलून अभ्यास केला त्यांच्याकडून कळलेलं सांगते. बाहेरचं भोक उघडं असलं तरी आतली खोली बंद असते. अमेजिला बिळाच्या टोकाला सुगडासारख्या खोल्या करते, आतून मेणचट थर देते म्हणजे ओल शिरत नाही, पराग आणि मकरंदाचं पातळसर खाद्य भरते, त्यावर एक अंडं घालते आणि मातीचं झाकण लावते. थायरियसच्या गोतावळ्यातल्या माद्या हे झाकण फोडतात, खोलीच्या आतल्या भिंतीला आपलं अंडं चिकटवतात आणि भोक पुन्हा मातीनं बुजवतात. बाहेर घरंगळले ते कण त्याचेच असावेत.

पुढचं काम आई करत नाही, पिल्लू करतं. कोकीळमाशीची अळी अंड्यातून निघते तेव्हा तिचे जबडे विळ्यासारखे लांब आणि टोकदार असतात. त्यांनी ती घरमालकिणीचं अंडं किंवा अळी मारते. दुसऱ्या कोकीळमाशीनंही त्याच खोलीत अंडं घातलं असेल तर त्याचीही गत तीच, खोलीत एकालाच पुरेल एवढंच खाद्य असतं. कात टाकत मोठी होत गेली की विळे जातात, साधे जबडे येतात, आणि मग ती निवांत बसून सगळं खाद्य खाते. शेवटी त्याच खोलीतून, त्याच भोकातून ठिपकेवाली माशी बाहेर पडते.

अंधार पडायच्या आधी

फोटो हवा असेल तर खरी वेळ संध्याकाळची, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कोकीळमाशीला घरच नाही, मग ती झोपणार कुठं? वाळक्या काडीवर. जबड्यानं काडी घट्ट चावून धरते, पाय अंगाशी घेते आणि अंग काडीपासून ताठ बाहेर सोडून रात्रभर तशीच राहते. नुसत्या दातांवर. पहिल्यांदा बघितली तेव्हा मेलेलीच वाटली होती मला.

परड्याच्या कडेची वाळकी गवतं, तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्या, कुंपणाची बारीक तार, हे साडेपाचनंतर बघत चला. अमेजिलाचे नरही असेच काडीवर ओळीनं झोपतात. एकदा मला शेजारशेजारच्या दोन काड्यांवर एकीवर पट्टेवाले तिघं आणि दुसरीवर ठिपकेवाली एक, असं चित्र मिळालं. या वेळी अगदी जवळ जाता येतं, ढाल, ठिपके, पाय सगळं मोजता येतं. फक्त काडी हलवू नका, आणि फ्लॅश दोनदाच्या वर नको. पहाटे अंग गरम होईपर्यंत ती तिथंच असते, तेव्हा उशिरा उठणाऱ्यांनाही संधी नाही असं नाही.

म्हणूनच परड्यातलं सगळं वाळकं गवत एकदम साफ करायचं नाही. आमच्याकडं यावरून दर दिवाळीला वाद होतो.

नावाचं काय करायचं

इथं बहुतेक लोक घाई करतात. मीही केली. फोटो काढला, ढाल दिसली, आणि खाली ठोकून लिहिलं: थायरियस हिस्ट्रिओ. भाचीनं विचारलं, "कशावरून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुस्तकात ते नाव होतं, एवढंच.

नाव वाचायचं कसं ते आधी बघू. थायरियस हिस्ट्रिओ (फॅब्रिशियस, १७७५) असं लिहिलेलं असतं. पहिला शब्द प्रजाती, म्हणजे घराणं. दुसरा जात. फॅब्रिशियस हा ती जात पहिल्यांदा लिहिणारा, साल १७७५. नाव कंसात का? तर त्यानं ती वेगळ्या घराण्यात टाकली होती. त्या काळी जवळपास सगळ्या मधमाश्यांना एपिस म्हणायचे, तसं तिलाही एपिस हिस्ट्रिओ म्हटलं. पुढं घराणं बदललं की मूळ माणसाचं नाव कंसात जातं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी रेशनकार्डावर माहेरचं नाव कुठंतरी राहतं तसं. हिस्ट्रिओ म्हणजे लॅटिनमध्ये नट. काळ्या अंगावर निळे ठिपके लावून दुसऱ्याच्या घरात वावरणारीला कोल्हापूरकरांनी याहून चांगलं नाव दिलं नसतं.

घराण्याचं नावही सरळ आलेलं नाही. जुन्या पुस्तकांत हीच माशी क्रोसिसा म्हणून सापडेल. बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्यानं १८९७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही क्रोसिसाच आहे. पण पॅन्झरनं थायरियस हे नाव १८०६ मध्ये दिलं होतं आणि ज्युरीनचं क्रोसिसा १८०७ चं. आधीचं नाव टिकतं हा नियम, त्यामुळे एका वर्षानं क्रोसिसा गेलं. मग लीफ्टिंक या डच माणसानं, जो खरं तर चतुरांवरच्या कामासाठी ओळखला जातो, १९६२ मध्ये भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या थायरियसचा सगळा गुंता नव्यानं सोडवला. भारतातल्या थायरियसची नावं लावायला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

जगात थायरियसच्या शंभरावर जाती आहेत, आफ्रिका, युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियात. भारतात हिस्ट्रिओ आहे, रामोसस आहे, सिलोनिकस आहे, आणखीही आहेत. त्या एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर ढालीच्या खाचेची खोली, ठिपक्यांची जागा आणि आकार, नराच्या मागच्या पायांची ठेवण आणि नराचं जननांग बघावं लागतं, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. ठिपका झिजलेल्या मादीचा मोबाइलवरचा फोटो घेऊन हे होत नाही. म्हणून तुम्ही प्रजातीपर्यंत थांबा. नुसतं "थायरियस, जात ठरवली नाही" असं लिहिलंत तर तज्ज्ञाला तुमचा फोटो उपयोगी पडेल. चुकीची जात लिहिलीत तर नकाशावर एक खोटा ठिपका वाढेल.

नर की मादी, हे मात्र चांगल्या फोटोत कळतं. मिशांचे भाग मोजा. मधमाश्यांत मादीला बारा, नराला तेरा. एवढं मोजता आलं नाही तर बिळात शिरताना दिसली का ते आठवा. नराला तिथं काही काम नसतं.

आता भावकीचं. सासूबाईंचं बोलणं मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं." अमेजिला अँथोफोरिनी गोतातली, थायरियस मेलेक्टिनी गोतातली, आणि दोन्ही गोतं पूर्वी जवळजवळ मांडलेली असायची. जणू चोर घरातूनच फुटला. २०१० मध्ये डीएनएवरून या कुळाची वंशावळ मांडली तेव्हा दिसलं की एपिडी कुळातल्या बहुतेक चोरट्या माश्या एकमेकींच्याच नात्यातल्या आहेत, त्यांची स्वतःची एक मोठी, फार जुनी शाखा आहे. त्यानंतर मेलेक्टिनीला नोमॅडिनी या चोरट्यांच्या उपकुळात बसवलं गेलं. म्हणजे कूळ एकच, सातेरी, आग्या, फुलोरी, भुंगा आणि ह्या दोघी सगळ्या एपिडीच, पण चोर या वाड्यातला नाही, पलीकडच्या गल्लीतला. सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्या म्हणतात, गल्ली दुसरी असली म्हणून काय झालं, आडनाव एकच की.

मारायची का?

हा प्रश्न दहातले आठ जण विचारतात. नको. ती घरमालकिणीच्या जिवावर जगते, त्यामुळे घरमालकीण भरपूर असल्याशिवाय ती टिकतच नाही. माझ्या वहीत ज्या वर्षी पट्टेवाल्या कमी, त्या वर्षी ठिपकेवाल्या जवळजवळ नाहीतच. एखाद्या भिंतीवर कोकीळमाशी फेऱ्या मारताना दिसली तर समजा, तिथलं बिऱ्हाड नांदतंय.

भीती चोराची नाही, गवंड्याची आहे. तीन वर्षांपूर्वी मी माहेरी गेले असताना धाकट्या भाऊजींनी मागची भिंत सिमेंटनं लिंपायला काढली. गवंडी म्हणाला, "माश्यांनी भिंत पोखरलीया, चार पाट्यांत काम हुतंय." परत आले तोवर निम्मी भिंत राखाडी झाली होती. बिळं एप्रिलमध्ये बुजवली, म्हणजे आतल्या अळ्या आतच. मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही. त्यानंतर तह झाला. न्हाणीच्या बाजूची भिंत त्यांची, मशीनसमोरची माझी.

भिंत खरंच पडायला आली असेल तर दुरुस्ती कराच, घर आपलंही आहे. पण सिमेंट नको, मातीचाच गिलावा, आणि एकदम सगळा नको. चालू भोकांचा पट्टा सोडा. वरची कौलं मात्र नीट ठेवा, कारण भिंतीवरून पाणी वाहिलं तर तुमचीही भिंत जाते आणि त्यांचंही घर. भोकांत रॉकेल, फिनेल, खडूपावडर काही ओतू नका.

भिंत नसेल तर करता येते. मी गेल्या वर्षी पांढऱ्या मातीचे दोन भेंडे घालून वाळवले आणि पत्र्याच्या आडोशाला उभे ठेवले. पेन्सिलीनं बोटाच्या पेराएवढी चार-पाच भोकं आधीच पाडली, सुरुवात सोपी जावी म्हणून. पहिले सहा महिने कोळी राहिले. फेब्रुवारीत एका भोकाखाली माती पडलेली दिसली. धाग्याचा तुकडा टेकवला, संध्याकाळी पडलेला होता. परवा सकाळी सव्वानऊला त्याच भेंड्याच्या कडेला एक काळी, ठिपकेवाली येऊन बसली होती. वहीत लिहिलंय, समास कोरा आहे.